हाताचा गुण आणि हाताची मर्यादा
रावेर परिसरातील मर्दनोपचार : परंपरा, शास्त्र आणि दक्षता

जळगाव जिल्ह्याच्या ईशान्येस, सातपुड्याची रांग आणि तापीचे पात्र यांच्या दरम्यान रावेर तालुका वसलेला आहे. काळी कसदार जमीन, विहिरींचे पाणी आणि कष्टाळू शेतकरी यांच्या बळावर या तालुक्याने केळीच्या उत्पादनात देशभर नाव मिळविले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तथापि, बागेतील केळी रस्त्यापर्यंत येते ती माणसाच्या खांद्यावरून व डोक्यावरून. वीस-पंचवीस किलो वजनाचा घड, पाटाच्या पाण्याने निसरडी झालेली वाट आणि दिवसाकाठी अशा अनेक खेपा! संध्याकाळी घरी परतणाऱ्या केळी मजुराची मान, पाठ आणि गुडघे दुखत नसतील तरच नवल. अशा वेळी तो प्रथम दवाखान्याची वाट धरीत नाही. घरातील तेलाची वाटी निखाऱ्यावर कोमट केली जाते आणि कोणीतरी त्याची पाठ चोळून देते.

चोळणे, रगडणे, चेपणे आणि शेकणे हे उपचार खानदेशाला किंवा महाराष्ट्राला नवे नाहीत. जन्मलेल्या बाळापासून थकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या आयुष्यात त्यांना स्थान आहे. अलीकडे ‘निसर्गोपचार’, ‘समग्र उपचार’ अशा नावांनी शहरांतूनही त्यांची मागणी वाढली आहे. हे उपचार सोपे आहेत, स्वस्त आहेत आणि पुष्कळदा गुणकारीही आहेत. मात्र कोणत्या दुखण्यावर हात फिरवावा आणि कोणत्या दुखण्याला हातही लावू नये, याचा विवेक सुटला तर हाच उपचार घातक ठरतो. गावात आरोग्यविषयक सल्ला देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्या शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना या विषयाच्या दोन्ही बाजू माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

घराघरांतील परंपरा

या परंपरेच्या ढोबळमानाने चार शाखा दिसून येतात. पहिली शाखा घरातील. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून केले जाणारे अभ्यंगस्नान हे तिचे सर्वपरिचित रूप होय. थंडीत मुलांच्या अंगाला तेल लावणे, वडीलधाऱ्यांचे पाय चेपून देणे, डोके दुखत असल्यास टाळूवर तेल थापणे हे याच शाखेतील उपचार.

दुसरी शाखा तालमीची. यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीची परंपरा खानदेशातील गावांनी दीर्घकाळ जोपासली आहे. तालमीत मल्लाचे अंग रगडणे हा व्यायामाचाच एक भाग मानला जातो. पाय मुरगळला, खांदा उखळला, मनगटात लचक भरली की गावकरी तालमीच्या वस्तादाकडे किंवा हाडवैद्याकडे जातात.

तिसरी शाखा सुईणीची. पूर्वी बाळंतपण घरी होत असे. त्या वेळी बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक देणे ही सर्व कामे सुईण किंवा अनुभवी वृद्ध स्त्री करीत असे. आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होत असली तरी मायलेकरे घरी परतल्यावर न्हाऊ घालणाऱ्या बाईला आजही मागणी असते.

चौथी शाखा डोंगराची. पालच्या परिसरात आणि सातपुड्याच्या पाड्यांवर तडवी, पावरा, बारेला, कोरकू आदी आदिवासी समाज राहतात. वनस्पतींची ओळख हे त्यांच्या जाणत्या मंडळींचे धन आहे. सुजेवर निर्गुडीचा पाला वाफवून बांधणे, एरंडाचे किंवा रुईचे पान तेल लावून गरम करणे व त्याने शेकणे, मोहाच्या बियांचे तेल सांध्यांना चोळणे असे उपाय सातपुड्याच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

या परंपरेत काही मौजेच्या समजुतीही मिसळलेल्या आहेत. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले, अशा ‘पायाळू’ माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. वस्तुतः पाठीत अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच कमी होते. पायाळूच्या पायाने मनाला धीर मिळतो, ताठरलेले स्नायू थोडे सैलावतात आणि श्रेय मात्र पायाला जाते. अशा समजुतीने फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते दुखण्याचे मूळ निराळे असताना केवळ पायाळूवर विसंबून राहिल्याने.

ग्रंथांतील आधार

आयुर्वेदाने तेल लावून अंग चोळण्याच्या क्रियेस ‘अभ्यंग’ हे नाव दिले असून तिचा समावेश दैनंदिन आचारात केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात या विषयाचे विवेचन आहे. तेल मुरल्याने घडा, चामडे आणि गाडीचा आस जसे बळकट होतात, तसेच शरीरही अभ्यंगाने चिवट व कष्ट सोसणारे बनते, असा दाखला तेथे दिलेला आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण देणाऱ्या शेतकऱ्याला हा दाखला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंगाचा उपदेश असून डोके, कान व तळपाय यांना विशेषत्वाने तेल लावावे असे म्हटले आहे. परंतु त्याच ठिकाणी अभ्यंग कोणी टाळावा हेही सांगितले आहे. कफाने ग्रासलेला, नुकतेच शोधनकर्म झालेला आणि अजीर्ण झालेला मनुष्य यांना तो वर्ज्य आहे. म्हणजे उपचार सांगताना त्याचा निषेधही सांगावा, ही शिस्त प्राचीन ग्रंथकारांनी पाळली होती.

याहूनही बोधप्रद आहे ते सुश्रुतसंहितेतील अस्थिभंगाचे प्रकरण. मोडलेले हाड जागेवर आणून वृक्षांच्या साली व बांबूच्या पट्ट्यांच्या आधाराने बांधावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. बांधणी सैल झाली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना व पू होण्याचा धोका असतो, असा स्पष्ट इशाराही त्याने दिला आहे. बांधणी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पाहावी, असा नियमही तेथे आढळतो. आज गावोगावी बांबूच्या कामट्या करकचून आवळणाऱ्या हाडवैद्यांनी हा नियम पाळला असता, तर कित्येकांचे हातपाय वाचले असते.

फैजपूर ते उरुळीकांचन

रावेरच्या शेजारीच, यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. खेड्याकडे चला, खेड्यातील साधनांनीच खेड्याचे प्रश्न सोडवा, हा विचार त्या अधिवेशनाच्या उभारणीतच साकार झाला होता. त्या अधिवेशनास उपस्थित असलेल्या महात्मा गांधींनी आरोग्याच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहिले. मालिश, टबस्नान, मातीच्या पट्ट्या व मिताहार यांना त्यांच्या स्वतःच्या दिनक्रमात स्थान होते. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. माती, पाणी, प्रकाश, हवा व आकाश यांच्या साह्याने गरिबालाही परवडेल असा उपचार हा त्याचा गाभा होता.

पुढे मार्च १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे गांधीजींनी खेड्यातील लोकांसाठी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. मणिभाई देसाई यांनी ते आयुष्यभर सांभाळले व वाढविले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचा अनेकदा मुक्काम असे. त्याच वास्तूत डिसेंबर १९८६ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत झाली. निसर्गोपचाराला आज शासनमान्य अभ्यासक्रम व शिक्षणसंस्था लाभल्या आहेत, त्यामागे हा इतिहास आहे.

अंगमर्दनाची कीर्ती सातासमुद्रापलीकडेही गेली. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व चंपीचे केंद्र काढले आणि पुढे तेथील राजघराण्यानेही त्यांची सेवा घेतली. आज केस धुण्याच्या द्रव्याला ‘शाम्पू’ म्हणतात, तो शब्द ‘चांपना’ या हिंदी क्रियापदावरून इंग्रजीत गेला व केसांपुरता मर्यादित होऊन आपल्याकडे परत आला. थायलंडच्या पारंपरिक मर्दनाचा समावेश युनेस्कोने २०१९ साली मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

चोळल्याने शरीरात काय घडते?

दुखऱ्या जागी चोळले की बरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे एक कारण १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले. त्वचेतील स्पर्शाच्या संवेदना आणि वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच दारातून मेंदूकडे जातात. स्पर्शाच्या संवेदनांची गर्दी झाली की वेदनेची वाट काही प्रमाणात अडते. या सिद्धांतात पुढे सुधारणा झाल्या असल्या तरी त्याचा मूळ गाभा उपयुक्त ठरला आहे. याखेरीज संथ मर्दनाने ताठरलेले स्नायू शिथिल होतात, त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, मनावरील ताण हलका होतो आणि झोप चांगली लागते.

मात्र मर्दनाने शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात, चरबी वितळते किंवा सरकलेली नस जागेवर बसते, या सांगोवांगीच्या गोष्टींना शास्त्रीय आधार नाही. श्रमाने स्नायूंत साठणारे आम्ल विश्रांती घेतल्यावर शरीर स्वतःच निकालात काढते.

कंबरदुखीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असा अंदाज आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या आणि विशिष्ट आजारामुळे न उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी योग्य व्यायाम, रुग्णाचे शिक्षण आणि मर्दनासारखे काही उपचार संघटनेने उपयुक्त मानले आहेत. कंबरेचा पट्टा किंवा वजने लावून ताण देणे यांची मात्र नित्याचा उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. केळी मजुरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तेल लावून पाठ चोळणे योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला पाठ बळकट करणारा व्यायाम, ओझे उचलण्याची योग्य पद्धत आणि खेपांमधील विसावा यांची आवश्यकता आहे. मालिशीने आजचे दुखणे कमी होईल. उद्याचे दुखणे टाळण्यासाठी कामाची पद्धतच सुधारावी लागेल.

बाळाचे अंग आणि बाळंतिणीची पाठ

बाळाला तेल लावण्याची आपली प्रथा जगाने कौतुकाने पाहिली. फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्यातील एका मातेला आपल्या बाळाचे मर्दन करताना पाहिले आणि १९७६ साली त्यावर एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत या प्रथेचा प्रसार झाला. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा पंधरा मिनिटे हळुवार स्पर्श व हातापायांची हालचाल देण्यात आली. इतर बाळांच्या तुलनेत त्यांचे वजन दररोज ४७ टक्के अधिक वाढले. अर्थात हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरून चालणार नाही.

बाळाच्या मर्दनात मुख्य गोष्ट जोराची नसून मायेची आहे. बाळाला कोमट तेल हलक्या हाताने लावावे, खोली उबदार असावी, लावणाऱ्याचे हात स्वच्छ व नखे कापलेली असावीत आणि दूध पाजल्यावर लगेच तेल लावू नये. पुढील गोष्टी मात्र कटाक्षाने टाळावयास हव्यात. नाकात व कानात तेल सोडणे. नाकातील तेल फुफ्फुसात उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाची छाती पिळून दूध काढणे. त्याने गाठ पिकते. डोके गोल व्हावे म्हणून टाळू दाबणे. बाळाला पायांना धरून उलटे लोंबकळविणे. भरड पिठाने कोवळी त्वचा खरडणे. बंद खोलीत धुरी देणे. जन्मल्यानंतरची पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जन्मतः कमी वजनाच्या बाळाला तर न्हाऊ घालण्यापेक्षा आईच्या उघड्या छातीची ऊब अधिक मोलाची असते.

बाळाचे पोट फुगले किंवा त्याला धाप लागली की तापलेल्या लोखंडाने पोटावर डागण्याची अघोरी प्रथा सातपुड्याच्या काही भागांत आढळते. मेळघाटात ती ‘डंबा’ या नावाने ओळखली जाते. डागल्याने न्यूमोनिया बरा होत नाही. उलट भाजल्याच्या जखमेची भर पडते आणि उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो.

बाळंतिणीच्या बाबतीतही तारतम्य हवे. पाठ, खांदे व पाय यांना हलक्या हाताने तेल लावल्यास तिचा शीण उतरतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास पोटावर व टाक्यांवर हात चालवू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली व दुखू लागली तर ती मुळीच चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे ते लक्षण असू शकते. चोळल्यास ती गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याची व जिवावर बेतण्याची भीती असते.

नवजात बालकाच्या गृहभेटीचा कार्यक्रम या संदर्भात अत्यंत उपयुक्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांच्या साह्याने नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर कमी करून दाखविले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी भेटी देते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. न्हाऊ घालणारी बाई आणि आशा या दोघींची एकाच उंबरठ्यावर गाठ पडते. त्यांच्यात वितुष्ट येण्याऐवजी सहकार्य झाले तर बाळाचे कल्याण होईल. न्हाऊ घालणारीच्या हाताला बाळाचा ताप, सुस्ती किंवा थंड पडलेले अंग सर्वांआधी कळते. तिने ते आशाला सांगितले पाहिजे आणि आशानेही तिच्या अनुभवाचा मान राखला पाहिजे.

सांधेदुखी की सिकलसेल?

रावेरच्या डोंगरपट्ट्यात एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याचे वैद्यकीय पाहण्यांतून दिसून आले आहे. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. परिणामी हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळांत हातापायांचे पंजे सुजणे, हे पुष्कळदा पहिले लक्षण असते.

अशा मुलाला ‘वात धरला’, ‘लचक भरली’ असे समजून चोळत राहिले, तर निदान वर्षानुवर्षे लांबते. काही ठिकाणी ते कधीच होत नाही. ज्या मुलाचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळसर दिसतात, जे लवकर दमते व वरचेवर शाळा बुडविते, त्या मुलाच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. ही गोष्ट सर्वांत आधी शिक्षकाच्या नजरेस येऊ शकते. आळशी म्हणून ज्याच्यावर शिक्का बसतो, ते मूल कदाचित आजारी असते.

सिकलसेलच्या रुग्णाला भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित औषधे यांची गरज असते. दुखणे सौम्य असताना उबदार शेक व हळुवार स्पर्श यांनी आराम मिळू शकतो. बर्फाचा शेक मात्र देऊ नये. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीला महत्त्व आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला असून २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हा त्या अभियानाचा भाग आहे.

हात आवरावा अशा वेळा

पुढील प्रसंगी चोळणे, रगडणे किंवा झटका देणे थांबवून रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

१. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर अवयव वाकडा दिसत असेल, त्यावर भार टाकता येत नसेल, तर हाड मोडले आहे असेच समजावे. लाकडी पट्टीचा सैलसर आधार द्यावा. बांधल्यावर बोटे निळी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, तर बंध तत्काळ सोडावा.

२. पाय मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळू नये. विसावा, थंड पाण्याची पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे हाच उपचार होय.

३. छातीत दाबल्यासारखे दुखून कळ डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात जात असेल व घाम सुटत असेल, तर तो वात नव्हे. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

४. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळण्यात हा वेळ दवडला तर पुढे वर्षभर चोळूनही तो भरून येत नाही. रुग्ण स्थिरावल्यानंतर मात्र तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम व मर्दन यांचा उपयोग होतो.

५. पाठदुखीबरोबर ताप, वजनात घट, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर मणक्याचा क्षय किंवा मज्जारज्जूवरील दाब यांची शंका घ्यावी.

६. मधुमेही व कुष्ठरोगी यांच्या बधिर त्वचेला वीट, वाळू किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. त्यांना भाजल्याचे कळत नाही.

७. केस कापून झाल्यावर मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याची पद्धत सोडून द्यावी. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

व्यवसाय आणि कायदा

मर्दनोपचाराचे आज अनेक व्यावसायिक प्रकार उपलब्ध झाले आहेत. पंचकर्म, निसर्गोपचार व भौतिकोपचार यांचे शिक्षण घेतलेले तज्ज्ञ जसे आहेत, तसेच चार दिवसांच्या वर्गावर फलक लावणारेही आहेत. रुग्णाने उपचारकाची पात्रता विचारण्यात संकोच मानू नये. भौतिकोपचार व अन्य संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणाचे आणि नोंदणीचे नियमन करण्यासाठी संसदेने २०२१ साली स्वतंत्र कायदा केला आहे. अर्धांगवायू, संधिवात, मधुमेह यांसारखे आजार औषधाने किंवा चमत्कारिक उपायाने हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमान्वये मनाई आहे. आठवडे बाजारात ध्वनिक्षेपकावरून अशी हमी देत तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांबाबत ग्रामपंचायतीने सजग राहिले पाहिजे.

त्याचबरोबर परंपरेने हे काम करणाऱ्या वृद्ध सुईणी, वस्ताद व डोंगरातील जाणते यांच्याकडे केवळ संशयाने पाहणे उचित होणार नाही. डॉक्टर गाठणे जेव्हा दुरापास्त होते, त्या काळात यांच्याच हातांनी गाव सांभाळले. त्यांच्याजवळील वनस्पतींचे ज्ञान, रुग्णाजवळ तासभर बसण्याची तयारी आणि स्पर्शातील आपुलकी या गोष्टी आधुनिक वैद्यकालाही हव्या आहेत. पारंपरिक ज्ञान शास्त्राच्या कसोटीवर पारखून घ्यावे, याच हेतूने जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली गुजरातमधील जामनगर येथे पारंपरिक वैद्यकाच्या जागतिक केंद्राची पायाभरणी केली.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रत्येक गावातील ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला या कामात पुढाकार घेता येईल. गावात तेल लावणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या व हाडे बसविणाऱ्या व्यक्ती किती व कोण याची माहिती आशा कार्यकर्तीला असतेच. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची बैठक बोलवावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर दिलेली सात लक्षणे त्यांना प्रात्यक्षिकासह समजावून द्यावीत. रुग्ण पाठविणाऱ्या सुईणीचा किंवा वस्तादाचा तेथे अपमान होणार नाही, याची काळजी घ्यावी. ज्याला दटावले जाते तो पुढच्या वेळी रुग्ण पाठवीत नाही आणि त्याचा तोटा रुग्णालाच होतो.

शाळेत शिक्षकांना सिकलसेलची लक्षणे, ओझे उचलण्याची योग्य रीत आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती सहज देता येईल. केळी उत्पादकांना मजुरांसाठी बागेतील वाट कोरडी ठेवणे, खेपांचे अंतर कमी करणे आणि दुपारच्या उन्हात विसावा देणे अवघड नाही. या गोष्टींना शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

तेलाची वाटी रावेरच्या घराघरांत पुढेही कोमट होत राहील आणि ती व्हावीच. दिवसभर घड वाहिलेल्या पाठीला, रात्र जागलेल्या बाळंतिणीला आणि थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला मायेच्या हाताइतके दुसरे सोपे औषध नाही. त्या हाताला दुखणे ओळखता आले, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळीच पुढे पाठविता आले, म्हणजे परंपरेची पुण्याई व शास्त्राची दृष्टी यांचा लाभ एकाच घराला मिळेल.